ब्लॉगवरचा खवट माणूस

जुन्नरच्या बाजारपेठेत माझा सायबर कॅफे होता, तेव्हा पिंपळवंडीचे एक कारकून दर शनिवारी ब्लॉग लिहायला यायचे. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणी बसलेलं असलं, तर त्याला उठवायचे नाहीत. दाराशी उभे राहायचे. लाईट जाऊन लिहिलेलं सगळं उडालं, की बाकीची गिऱ्हाइकं माझ्यावर खेकसायची. हे म्हणायचे, "असू द्या, भाऊ."

ब्लॉगवर मात्र हाच माणूस साऱ्या गावाची सालटी काढायचा. पुण्यातले, अमेरिकेतले वाचक त्या खवटपणावर बेहद्द खूश असायचे.

एकदा त्यांनी साधंच लिहिलं, की आई आता मला ओळखत नाही. खाली प्रतिक्रिया आल्या: 'आज मजा नाही आली.' 'रडगाणं नको, नेहमीसारखं लिहा.' त्यांनी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि काढायचं कसं ते मला विचारून लिहिलेलं काढून टाकलं. मला वाचकांचा राग आला, पण चहा सांगण्यापलीकडे मी काय करणार?

पुढच्या शनिवारी तीच आई त्यांनी विनोदी करून लिहिली. ती मुलाला एसटीचा कंडक्टर समजते आणि दिवसभर विचारते, "मास्तर, मढ आलं का? माझं म्हायेर हाय तितं." वाचक हसून लोळले. 'आत्ता कसं!' एकानं लिहिलं.

त्यांनी सगळं वाचलं. चष्मा पुसला.

"भाऊ, त्ये पयलं काढलेलं परत मिळंल का?"

"नाय मिळत आता."

"असू द्या."