रिकामा डबा परत देऊ नये

मधल्या सुट्टीत ती डब्याचं झाकण उघडायची, आधी वास घ्यायची आणि मग डबा आम्हा सगळ्यांच्या मध्ये सरकवायची. "घ्या गं, मावशीच्या हातचं हाय." माधवनगरच्या शाळेत आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून वह्या तपासल्या, पण हे वाक्य ऐकलं की मी हात मागे घ्यायचे.

कारण ही मावशी म्हणजे तिच्या आईची बहीण नव्हे. आई जिवंत असतानाच वडिलांनी जिच्याबरोबर कोयनानगरला दुसरं घर मांडलं, ती बाई. आणि ही दर दिवाळीला तिथंच माहेराला जायची. येताना शेंगाचटणी, तूप आणि वडिलांच्या तक्रारी घेऊन यायची. "आमचं म्हातारं लय हट्टी हाय बघ." तुम्हीही कुणाला असं म्हणताना ऐकलं असेल. मला मात्र त्या 'आमचं'चा हेवा वाटायचा.

माझे वडीलही तसेच दुसरं घर मांडून गेले, मिरजेला. तेव्हा मी दोन मुलांची आई होते. मी बोलणं तोडलं ते तोडलंच. वडील अजून आहेत, फार थकलेत म्हणतात. मी आईच्या बाजूनं उभी राहिले, याचा मला अभिमान होता. पण अभिमानानं दिवाळी गोड होत नाही.

एकदा मी तिला टोचून विचारलंच, तिथं जेवताना आईची आठवण येत नाही का गं? ती चिडली नाही. शेंगा सोलत सांगू लागली. आई गेली तेव्हा त्या बाईनं पिठलं-भाकरीचा डबा पाठवला होता. भाऊ तो उकिरड्यावर फेकायला निघाला. हिनं भाकरी गाईला घातली आणि डबा घासून ठेवला.

"तेरावं झाल्यावर परत द्यायचा, तर रिकामा कसा द्यायचा? मूठभर साखर घातली. तिनं लाडू घालून धाडला. मग मी चटणी घातली. भाऊच न्यायचा, शिव्या देत. एक दिस म्हातारं त्येला म्हणालं, जेवून जा. जेवला."

"आणि माफ केलंत?"

"कवा केलं, ते ध्यानात न्हाई बघ."

तिचे वडील वारले, तेव्हा माझ्या मनात आलं, आता बघू डबा येतो का. दिवसकार्य उरकून ती आली, झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा मध्ये सरकवला. मी भूक नाही म्हणाले.

निवृत्त झाल्यावर ती कोयनानगरलाच राहायला गेली. मावशीचे गुडघे धरलेत, तिला कोण बघणार, म्हणाली. आता मधल्या सुट्टीत मी माझा डबा एकटीच खाते.

माझी आई गेली तेव्हाही मिरजेहून एक डबा आला होता, पितळी. मी तो परत केलाच नाही, माळ्यावर टाकला. परवा काढला, चिंचेनं घासला. साखर घातली, ओतून काढली, पुन्हा घातली.

"लय इचार करू नगंस," ती म्हणाली असती. तिला काय जातंय म्हणायला.

मिरज इथून अर्ध्या तासावर आहे. डबा ओट्यावर आहे. झाकण अजून लावलेलं नाही.