उतरल्यावर सांगायच्या खोडी

गेल्या डिसेंबरातला एक रविवार. ठरलेली रक्कम पंचेचाळीस हजार. हजर तिघे: माझे सासरे, त्यांची जुनी पांढरी गाडी घ्यायला आलेले गिरणारे गावचे एक द्राक्ष बागायतदार आणि मी.

सासरे लढाऊ वैमानिक होते. एकाहत्तरच्या युद्धात उडालेले. आता ऐंशीच्या आसपास. दोनदा फाटकाला गाडी घासली, तेव्हा माझ्या बायकोने वडिलांकडून विकण्याचं कबूल करून घेतलं. किल्ली मात्र अजून त्यांच्याच खिशात होती.

"एक चक्कर मारून येतो. मग ठरवतो," ते म्हणाले.

बागायतदार चहा घेत ओट्यावर बसले. मी सासऱ्यांच्या शेजारी, हात हँडब्रेकजवळ ठेवून. निघण्याआधी त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. टायरला हात, आरशाला हात, बॉनेटवर तळवा. उडण्याआधी विमानाभोवतीही ते अशीच फेरी मारत.

गंगापूर धरणाकडे धुकं होतं. रस्ता दिसायचा, नाहीसा व्हायचा. ते सावकाश चालवत बोलत होते. माझ्याशी की समोरच्या काचेशी, कळत नव्हतं.

"वाळवंटावरून इतक्या खालून जायचो, की आपलीच सावली शेजारून पळायची. सकाळी लांब असायची. दुपारी पोटाखाली येऊन बसायची. तेवढीच सोबत."

"भीती वाटायची?"

"तेव्हा नाही. उतरल्यावर वाटायची. विमान बोलायचं ना हाताशी. फार जोरात वळवलं की थरथरायचं. तेव्हा आणखी ओढायचं नाही. हातातला दांडा, म्हणजे स्टिक, एवढीशी सैल सोडायची. एवढीशी." स्टीअरिंगवरची बोटं त्यांनी उघडली, मिटली. "एकाने ओढली. माझ्या समोर कोसळला."



ओझरच्या विमानतळाच्या बाजूने एक विमान आलं. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज धुक्यावरून वळत गेला. त्यांनी मान वर केली. चेहरा इतका निवांत झाला की क्षणभर मीही रस्ता विसरलो. डावी चाकं मुरुमावर उतरली, गाडी खडखडली.

"बाबा!"

ब्रेक त्यांनीच लावला. आम्ही थांबलो. आवाज विरून गेला.

"गाडी थरथरली, जावईबापू," ते म्हणाले, "आणि माझ्या हाताला कळलं नाही. तुमच्या हाकेने कळलं." दार उघडून ते खाली उतरले. "आता तुम्ही चालवा."

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि बागायतदारांसमोर उभे राहिले. "तिसऱ्या गिअरला आवाज करते. साठच्या पुढे डावीकडे ओढते. पावसात डिकीत पाणी येतं."

"बाबा, त्यांनी विचारलं तरी का?" मी हळूच म्हणालो.

"उतरल्यावर विमानाच्या खोडी सांगून वहीत सही करायची असते. विमान आपलं नसतंच. पुढे कोणीतरी त्यात बसणार असतो."

बागायतदार हसले. "लय खरं बोलता, साहेब. सोयरीक असती तर मोडली असती!"

"यांना विचारा," सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सगळं सांगूनच दिली होती."

शेवटी बागायतदारांनी एकोणचाळीस हजार सासऱ्यांच्या हातात दिले. सहा हजार कमी, मी मनात मांडलं. सासऱ्यांनी ते न मोजता खिशात घातले आणि त्याच खिशातून किल्ली काढून दिली.