आबांच्या होडीची खाच

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही — पण तोंड उघडलंय, तर आता पुरतं सांगते.

माझे सासरे, आबा, वडगाव रासाईला भीमेवर होडी चालवायचे. गोष्ट नव्वदनंतरची. नवरा दौंडला रेल्वेत, आठवड्यानं घरी येणार. पावसाळ्याआधी होडी रंगवायचं काम माझं. खडकांना घासून लाकडाला पडलेले खड्डे, ओरखडे लांबीनं, म्हणजे रंगाऱ्याच्या पुट्टीनं, भरायचे, ती वाळली की पॉलिशपेपर मारायचा, मग रंग. कामाला मी चोख — सगळे म्हणायचे, मीही म्हणायची.

होडीला बाहेरून आबांनी एक खाच पाडली होती. त्यांना कमी दिसायचं. माणसं चढू लागली, की हात बाहेर घालून ते बोटांनी खाच चाचपायचे. पाणी तिला टेकलं, की संपलं. "बास! ऱ्हायलेली पुढल्या खेपंला. मावशे, तू उतर, तू एकटी दोघींची जागा खातीस." लोक हसायचे, पण उतरायचे.

त्या वर्षी आबा लेकाकडे दौंडला गेले होते. मी घाईत — बाकीच्या ओरखड्यांबरोबर ती खाचही भरून टाकली. रंग वाळल्यावर ध्यानात आलं. मग काय करायचं? सांगायचं. एवढंच तर होतं. पण चोख सुनेनं असली चूक केली, हे — नाही सांगवलं. स्क्रूड्रायव्हर घेतला, अंदाजानं नवी खाच कोरली, वरून रंग फिरवला.

बाजाराच्या दिवशी आबांनी खाच चाचपली आणि नेहमीपेक्षा जास्त माणसं घेतली. मधल्या धारेत होडीत पाणी शिरलं. एका बाईचं तान्हं पोर हातातून सुटलं, ते कुणीतरी झबल्याला धरून वर ओढलं. वाचली सगळी. काठावर गावानं आबांना घेरलं. "आबा, वय झालं तुमचं. सोडा आता होडी." मी तिथंच उभी होते. मला तोंड नव्हतं का?

मागाहून होडी काठावर ओढून घेतल्यावर मी वाकून पाहिलं. पाण्यानं जुन्या खाचेतली लांबी फुगली होती. माझी खाच तिच्या चार बोटं वर होती.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "सुमन, खाच हाय तितंच हाय न्हवं? तूच रंगवलीस."

"तिथंच आहे, आबा."

"मंग माझीच बोटं गेली म्हनायची."

नंतर सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. नंतर म्हणजे कधी? होडी विकली, आबांना घेऊन आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत आलो. दोन खोल्या. दिवसभर ते समोर, मी समोर. जाणार कुठं? काल सांगितलं नाही म्हणून आज सांगता येईना, आज नाही म्हणून उद्या — ते जाईपर्यंत हेच.

आबांनी पुन्हा आपल्या हातावर भरवसा ठेवला नाही. दाराची कडी स्वतः लावायचे आणि मला हाक मारायचे, "सुमन, लागली का बघ गं."

मी हात पुसत उठायची, बघायची. कडी लागलेलीच असायची.