मीच तर बोललो होतो

आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती आणि आई लोकांच्या पोळ्या करायला छत्रीबागेतून मल्हारगंजला पायी जायची, तेव्हापासून मी शेजारच्या काकांना बघतो आहे. गल्लीतल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीचं श्रेय त्यांना हवं असतं. मी घराण्यातला पहिला इंजिनीअर झालो, तेव्हाही ते ओट्यावरून ओरडले, "मीच तर बोललो होतो भिया, पोरगा निकलेगा!" मला ते कधी फारसे आवडले नाहीत.

परवा आईला देवीला न्यायचं होतं, आणि आमची नुकती घेतलेली जुनी गाडी दारातच तापली. बोनेटमधून वाफ यायला लागली, गल्ली जमली. इंजिन निवल्यावर मी वाकून पाहिलं. गाडीच्या पूजेच्या दिवशी आईने पुढच्या जाळीला बांधलेली चुनरी आत ओढली जाऊन रेडिएटरला चिकटली होती. त्याला हवाच मिळत नव्हती.

"कोणी सांगितलं होतं हे बांधायला?" मी सगळ्यांसमोर आईवर खेकसलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मीच तर बोललो होतो भिया," काका ओट्यावरून म्हणाले. "म्हटलं, वहिनी, कसके बांधा. मला काय समजतं गाडीतलं!"

लोक त्यांना हसले आणि पांगले.

पूजेच्या दिवशी काका मानपूरला मुलीकडे होते. हे मला ठाऊक होतं, आईलाही.

चुनरी काढून मी पाणी भरलं. रस्ताभर मला आईकडे बघवलं नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र मध्यावरच राहिला, आणि आई पहिल्यांदा मल्हारगंजातून स्वतःच्या गाडीत बसून गेली.