वक्राच्या किनाऱ्यावरचं स्कॉटलंड

शुक्रवारी सकाळी सहाला मी इथे आखातात, अल सद्द भागातल्या मालकांच्या बिल्डिंगखाली गाडी गार करत बसलो होतो, तेव्हा मालकीणबाईंचा, वहिनींचा फोन आला. "सुरेश, आज वक्राला जायचं नाही... आप्पा झोपेतच गेले." मी एसी तसाच चालू ठेवून कितीतरी वेळ बसून राहिलो. त्याला आता दीड महिना झाला.

आप्पा म्हणजे माझ्या मालकांचे वडील. मी आठवीत शाळा सोडलेला ड्रायव्हर, पण ते कायम पुढे, माझ्या शेजारी बसायचे. लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो, तेव्हा रोज तासभर समोर बसवून रस्त्यावरच्या खुणा पाठ करून घेतल्या त्यांनीच. तरुणपणी ते नोकरीसाठी स्कॉटलंडला होते. तिथे समुद्राकाठाने गावोगाव जाणारी पायवाट ते बायकोबरोबर, म्हणजे आमच्या काकूंबरोबर चालले होते, एलीपासून क्रेलपर्यंत. पुढचं सेंट अँड्र्यूज राहिलं, मग काकूही राहिल्या नाहीत. बायपासनंतर डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, तेव्हा आप्पांनी तीच वाट दर शुक्रवारी अल वक्राच्या किनाऱ्यावर पहिल्यापासून चालायची ठरवली. जेट्टीपासून होड्यांपर्यंत एक फेरी. अशा चार फेऱ्या म्हणजे एली ते पुढचं गाव, सेंट मोनन्स. मोजायचं काम माझं. चालताना ते सांगत... लाटांचे शिंतोडे अंगावर घेणारं चर्च, पडका किल्ला, पिटनवीमच्या धक्क्यावरचा मासळीचा लिलाव. मला वाटायचं, आमच्या हर्णैचंच सांगतायत.

पण त्यांना धाप लागली की माझा जीव खालीवर व्हायचा. मग मी फेऱ्या चोरायला लागलो. दोन झाल्या की म्हणायचो, "खलास आप्पा, चार झाल्या. आलं गाव." ते बाकावर टेकले की मला हायसं वाटायचं. असं करत शेवटच्या शुक्रवारी आम्ही क्रेलला पोचलो. लाल कौलांची घरं, छोटंसं बंदर, सगळं सांगून झालं आणि चहाचा घोट घेत ते म्हणाले, "सुरेश, तुझं स्कॉटलंड फार आखूड आहे रे. तुझ्या काकूला इथवर यायला अख्खी सकाळ लागली होती, वर मला शिव्या घातल्या त्या वेगळ्या."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"घाबरतोस होय माझ्यासाठी?"

"हो."

"बरं. पण आता सेंट अँड्र्यूजपर्यंत चोरी नको. तेवढं खरं चालू."

खरं मोजलं असतं तर ते क्रेलला तरी पोचले असते का... की वाट उरली म्हणून आणखी थोडे दिवस चालत राहिले असते? ठाऊक नाही. शुक्रवारी मी आता एकटाच जातो. क्रेलपासून पुढे वीस फेऱ्या आहेत. भरभर चालायला गेलो तरी पाय त्यांच्याच चालीने पडतात. आतापर्यंत सात झाल्या. खऱ्या सात.