पहिल्या पावाची कड

थोरलीचा जळफळाट काही आजचा नव्हता. सासरच्या बेकरीत रीत अशी, की भट्टीतून निघालेल्या पहिल्या पावाची कड घरातल्या एकाच माणसानं चाखायची. त्यानं मान डोलावली, तरच भट्टीतला सगळा घाणा दुकानात जायचा. सासूबाईंनी डोळे मिटण्याआधी हा मान दिला तो धाकट्या सुनेला. पीठ थोरलीनं मळायचं, हात थोरलीनं भाजून घ्यायचे आणि मान डोलवायची कुणी, तर या बाईसाहेबांनी! थोरली रोज मनातल्या मनात बोटं मोडायची.

मग धाकटीचं तोंड आलं. आधी एक फोड, मग गालाच्या आतून, हिरड्यांवर फोडच फोड. ते फुटायचे आणि खाली लालबुंद कातडं उरायचं. "उष्णता असेल," सगळे म्हणाले. "नखरे," थोरली म्हणाली आणि धाकटीचा पेला वेगळा काढला. दातांच्या डॉक्टरनं पेस्ट बदलून दिली. यात कित्येक महिने गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात तोंडातल्या कातड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा आजाराला नाव मिळालं, पेम्फिगस. रोगाशी लढणारी शरीराची फौज घरच्यांवरच उलटते म्हणे.

आता दीर थंड दूध घेऊन तिच्या मागेपुढे. थोरलीचा नवरासुद्धा म्हणाला, "तिला बोलायला लावू नकोस गं." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला स्वतःला ताप आला होता, तेव्हा कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

पुढे असे रुग्ण शोधत फिरणाऱ्या एक डॉक्टरीणबाई घरी आल्या.

"लाखात एखाद्यालाच होतो हा. बायकांना जरा जास्त, आणि बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढे."

म्हणजे इथेही ही लाखात एक! थोरलीच्या तोंडून निघूनच गेलं, "मग मला का नाही झाला? मी पण बाईच आहे, वयानंही मोठी. याच भट्टीपुढे उभी असते."

बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली. डॉक्टरीणबाई मात्र खूश झाल्या. "तेच तर शोधतेय! आजारी आणि निरोगी, दोघींची तुलना करायची. तुम्हीही हव्यात मला." मग त्यांची नजर कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या पेल्याकडे गेली. "आणि तो पेला परत मांडणीवर ठेवा. हा उष्ट्यानं पसरत नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला पाव निघाला. धाकटीनं कड ओठांना लावली, कळवळली आणि खाली ठेवली. मीठही तिला सोसवेना.

"जाऊबाई, आजपासून तुम्हीच सांगा."

अखेर! थोरलीनं नवी कड मोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुरुमकुरुम चावली. चावता चावता तिचं लक्ष गेलं. धाकटी तिच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून बघत होती.

ती नजर थोरलीच्या चांगलीच ओळखीची होती. इतकी वर्षं ती स्वतः अशीच बघत आली होती.

"मीठ?" धाकटीनं विचारलं.

"बरोबर आहे," थोरली कसंबसं म्हणाली आणि हातातला उरलेला तुकडा तिनं पाठीमागे लपवला.