एकाच सिरीजमध्ये दोन नव्व्याण्णव

सकाळी दहाला मी भडगावजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसवर पोहोचले, तेव्हा सोबत आलेल्या बाबांच्या शर्टाच्या खिशात माझा एक अर्ज होता. जळगावच्या कॉलेजातली लॅबची नोकरी सोडून मी नेटवर्किंगचं स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि तीन महिन्यांत एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. कॉलेजने माझी जागा अजून भरलेली नव्हती. शेवटी घरात तह झाला. हे पहिलं काम जमलं तर मी माझ्या मनाची राणी. फसलं तर परत जाताना जळगावला थांबून ‘मला पुन्हा रुजू करून घ्यावे’ हा अर्ज द्यायचा. सही माझीच होती, पण कागद बाबांनी स्वतःकडे ठेवला. माझ्याकडे असता तर तो वाटेत नक्की हरवला असता, आणि हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

पॅकहाऊसचे मालक नाना सत्तरीचे होते. बाबांना बघून ते “राम राम भाऊ” म्हणाले, बाबा “जय भीम नाना” म्हणाले आणि दोघं कडुनिंबाखालच्या खाटेवर बसले. बाबा दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, त्यामुळे नानांनी लगेच लोडशेडिंगचा विषय काढला. जणू बाबाच बटण बंद करत होते!

आत बायका केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरत होत्या. खोकं काट्यावर ठेवलं की वजन वायरीतून कॉम्प्युटरला जायचं आणि कॉम्प्युटरने सांगितलं की प्रिंटर लेबल काढायचा. आदल्या दिवशी नवा प्रिंटर आला आणि तेव्हापासून सगळा घोळ सुरू झाला होता. कधी वजन यायचं तर लेबल नाही, कधी लेबल निघायचं तर वजन नाही. लेबलाशिवाय खोकी गाडीत चढत नव्हती.

“चार वाजता गाडी निंघी बेटा,” नाना म्हणाले. “नही जमनं त सांगी दे, जळगावथून दुसरा मानूस बलावतस.”

दुसरा माणूस म्हणे! मला असा राग आला की चहाही न घेता मी कामाला लागले.

आधी वायरी तपासल्या. ठीक. स्विचचे दिवे लुकलुकत होते. ठीक. प्रिंटरची सेटिंग छापून घेतली, तर पत्ता १९२.१६८.१.९९. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला असा चार आकड्यांचा पत्ता असतो, त्याच्यावरच निरोप पोहोचतो. मी कॉम्प्युटरवरून ९९ला हाक मारली. ओ आली. मग प्रिंटरची वायर उपटून काढली आणि सहज म्हणून पुन्हा हाक मारली.

पुन्हा ओ आली!

प्रिंटरची वायर माझ्या हातात लोंबकळत होती आणि नव्व्याण्णव खुशाल उत्तर देत होता. म्हणजे इथे दुसरा कुणीतरी नव्व्याण्णव होता! मी काट्याची वायर काढली. हाकेला ओ बंद. सापडला! मी इतक्या जोरात ओरडले की धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

दोघांना एकच पत्ता कुणी दिला, हे विचारायला मी तणतणत खाटेपाशी गेले. तो नंबर नानांनीच सांगितला होता. ते अभिमानाने म्हणाले, “मी सांगेल शे. मना बठ्ठा गाड्यास्ना नंबर एकच शे. काटाले तोच, प्रिंटरले बी तोच.”

मी अंगणात बघितलं. ट्रॅक्टर, पिकअप, जीप, मोटरसायकल, सगळ्यांच्या पाट्यांवर शेवटी ००९९. आमच्या खान्देशात ही हौस घरोघरी दिसते. मी प्रिंटरचा नंबर बदलते म्हटल्यावर नानांनी सरळ नकाराची मान हलवली. “नंबर बदलानं काम नही.”

अडीच वाजले होते. बाबांनी नकळत खिशावर हात ठेवला आणि ते बघून मी घाईने पुन्हा अंगणातल्या पाट्यांकडे वळले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“नाना, ट्रॅक्टर नि जीप दोन्ही नव्व्याण्णव कसे चालतात?”

“सिरीज अल्लग शे ना.”

“आणि सिरीजही एकच असती तर?”

“आरटीओ सोडी का मंग?”

“इथं तेच झालंय! १९२.१६८.१ ही या पॅकहाऊसची सिरीज. ती इथल्या सगळ्या यंत्रांना एकच ठेवावी लागते, तरच ती एकमेकांशी सरळ बोलतात. वेगळा असतो तो फक्त शेवटचा आकडा. तुम्ही एका सिरीजमध्ये दोन नव्व्याण्णव घातले.”

नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, “आते समजनं!” मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

पण आकडा ठरवताना पुन्हा घासाघीस. त्यांना आकड्यांची बेरीज नऊच हवी. मी १०८ सुचवला.

“ते नको माय, ती अँब्युलन्स शे. नऊशे नव्व्याण्णव घाल.”

“२५५च्या पुढे जाताच येत नाही, नाना.”

“मंग नऊना मोठ्ठात मोठ्ठा काय?”

मी बोटांवर हिशेब केला. दोनशे बावन्न. दोन, पाच, दोन, नऊ! नाना खूश. मी धावत आत गेले, प्रिंटरला २५२ दिला आणि पहिलं खोकं काट्यावर ठेवलं. वजन आलं. प्रिंटर गुरगुरला आणि लेबल बाहेर पडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी लहान पोरीसारख्या उड्या मारल्या, लाज गेली खड्ड्यात.

गाडी चारला वेळेवर सुटली. नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “नरडाणाले मनी कापूसनी जिनिंग शे. तठे नव्व्याण्णव चाली का?”

“चालेल की! तिथली सिरीज वेगळी ठेवू. नरडाणा धुळ्यात, म्हणजे गाड्यांसारखी अठरा.”

“मंग आठे एकोणीस कर!”

धुळ्याच्या गाड्यांना एमएच अठरा नि इथल्या जळगाव जिल्ह्याच्या गाड्यांना एमएच एकोणीस! मला हे आधी का सुचलं नाही? मी सगळी यंत्रं पुन्हा हाती घेतली आणि अर्ध्या तासात १९२.१६८.१९ची सिरीज लावून दिली. दुसरं काम न मागता पदरात पडलं होतं, माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“आते बठ्ठा नंबर कागदवर लिखी दे,” नाना म्हणाले. “भितडावर लावसूत. परत कोनी डबल देवाले नको.”

कागद कुठे होता? माझ्या पिशवीत नुसत्या वायरी. तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी खिशातून तो घडी घातलेला अर्ज काढला, उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यासमोर धरली.

“यावर लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं. राऊटर १, कॉम्प्युटर ९, काटा ९९, प्रिंटर २५२. नानांनी तो कागद काट्याच्या वर भिंतीला चारही कोपऱ्यांवर डिंक लावून पक्का चिकटवला. तो अजून तिथेच आहे, आणि माझी सही भिंतीच्या बाजूला आहे.